दाराजवळची जागा

लेह
२ डिसेंबर

आचे पुतित,

जुले. माझी निवड झाली!

नावं वाचून दाखवली तेव्हा माझं शेवटून दुसरं होतं. मार्चमध्ये मनिलाला आशियातल्या मुलींची आइस हॉकीची स्पर्धा आहे आणि बचावफळीत मी आहे. आबांना तूच सांग आणि नीट सांग, नाहीतर चेष्टेनं आधी ‘हिला परत पाठवलंय’ म्हणशील. तिथं बारा महिने उकाडा असतो म्हणे, आणि बर्फ मॉलच्या वरच्या मजल्यावर यंत्रानं करतात. आपण रात्रभर बादल्या ओतून तळ्यात बर्फ धरतो हे ऐकून प्रशिक्षक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

आचे, या संघाबद्दल तुला काय सांगू! नुब्राच्या, शाम भागातल्या, कारगिलच्या मुली आहोत. बर्फावर कुणी मोठ्या घरची नाही, कुणी लहान घरची नाही. पाण्याची बाटली एकच फिरते. पहिल्या दिवशी चोंडोल नावाच्या मुलीनं ती पिऊन माझ्याकडे टाकली. मी प्याले आणि पुढचीला दिली, तीही प्याली. कुणी काही बोललं नाही. आपल्या घरच्या पेल्याला गावात कोण हात लावतं ते तुला सांगायला नको. त्या दिवशी मला वाटलं, मी बी.ए. केलं ते याच जगात येण्यासाठी.

दिल्लीहून काही लोक आमच्यावर फिल्म करायला आले होते. मी माझे पहिले स्केट हातात धरून बोलले. तेच, आबांनी जीपच्या स्प्रिंगच्या पाट्या तापवून, ठोकून, लष्करी बुटांखाली बसवलेले. चांगलं झालं सगळं.

आबा मला निरोप द्यायला लेहला येतो म्हणतील. त्यांना सांग, एवढ्या थंडीत कशाला. रस्ताही चांगला नाही. मी परतल्यावर भेटूच.

तुझी
लझेस


यारमा
१४ डिसेंबर

नोमो लझेस,

तुझी बातमी सांगितली. नीटच सांगितली. तुझे आबा भात्यापुढे बसले होते. ‘बरं’ एवढंच म्हणाले. मग हातातली कुदळ तापवत राहिले, तापवत राहिले, तिचं टोक पार वितळायला आलं. मी म्हटलं, आगू, लोखंड! तर मलाच म्हणाले, ‘तुझी बडबड थांबली तर माणसाचं लक्ष लागेल.’ आता बिजागरी घ्यायला कुणी आलं तरी त्याला आधी ऐकावं लागतं, ‘आमची बी.ए. मनिलाला चालली.’ मनिला कुठं आहे असं विचारलं की म्हणतात, समुद्रापलीकडे. समुद्र कुणी पाहिलाय इथं!

तळं धरलंय. पोरी रोज येतात. आगू पण येतात आणि कडेला बसून कानशीनं पोरींची पाती घासून देतात. त्यांना लेहला येऊ नका असं तुझ्या वतीनं सांगितलं. म्हणाले, ‘पोरगी माझ्या थंडीची काळजी करते.’ जो माणूस माघात भल्या पहाटे तळ्यात पाणी ओततो, त्याला म्हणे थंडी! पण तू शिकलेली, तुला जास्त कळतं.

बाटलीचं वाचून मलाही बरं वाटलं. एक मात्र विचारते, राग मानू नकोस. लडाखात माणूस नाव विचारायच्या आधी घर विचारतो. तुला कुणी नाही विचारलं, कुठल्या घरची? की विचारलं आणि तू गावाचं नाव सांगून घराचं गिळलंस?

आता मोठी बातमी. तुमची फिल्म लेहमध्ये सगळ्यांच्या फोनवर आहे म्हणे. शाळेचे मास्तर लोसार सणाच्या सुट्टीला येताना ती घेऊन येणार आहेत. गोबाच्या टीव्हीवर, समाजघरात, सगळ्या गावाला दाखवायची ठरलीय. आणि गोबा स्वतः भट्टीवर येऊन आगूंना सांगून गेला, ‘त्या दिवशी तुम्ही दाराजवळ बसायचं नाही. खेळाडूचे वडील वर बसतील.’ गावचा मुखिया गोबा! आपल्या भट्टीवर! आगूंनी लोकरीचा लांब गोंचा धुवायला काढलाय. धुतल्यावर तो गोठून फळीसारखा झालाय आणि ते त्याला शेकोटीजवळ उभा करून वाळवतायत.

जर्दाळू पाठवतेय. सगळ्यांना वाट, एकटी खाऊ नकोस.

पुतित


लेह
१९ डिसेंबर

आचे,

घाईत लिहितेय. नोरफेलची गाडी निघतेय, त्याच्याच हाती देते.

ती फिल्म गावात दाखवू देऊ नकोस. आवाज नीट नाही, मध्येच तुटते, आणि आमच्याबद्दल फार थोडं आहे. लोक कंटाळतील. मास्तरांना सांग टीव्ही बिघडलाय, काहीही सांग. आणि ते जमलं नाही तर निदान आबांना त्या दिवशी घरी थांबव. तू आजारी पड, वाटल्यास.

कारण विचारू नकोस. माझ्यासाठी एवढं कर.

जुने स्केटही नोरफेलबरोबर पाठवतेय. सामानाचं वजन फार होतंय.

लझेस


यारमा
२८ डिसेंबर

लझेस,

खिंडीत बर्फ पडलं, नोरफेल अडकला. तुझी चिठ्ठी लोसारनंतर पोचली. ‘तू आजारी पड’ हे वाचलं तेव्हा मी समाजघरातून परत येऊन खरंच आजारी पडले होते.

काय झालं ते लिहिते. तुला ते वाचावं लागेल.

सगळा गाव आला होता. तुला ठाऊकच आहे आपली ओळ कशी लागते. वर लामा, मग गोबा, मग वैद्य, मग वयानं आणि घरानं एकेक जण खाली. शेवटी दाराशी, जिथं चपला असतात, तिथं आपण. गोबा उठून खाली आला आणि आगूंची बाही धरून त्यांना वर ओढू लागला. आगू नको नको म्हणाले, जसं म्हणायचं असतं तसं. पण मला दिसत होतं, यांना पहिल्यांदाच कुणीतरी नको म्हणायची संधी दिलीय. शेवटी वैद्याच्या खालोखाल बसले. पुढे नक्षीचं मेज. त्यावर गोबाच्या घरचा पेला. गोबाच्या बायकोनं स्वतः चहा ओतला. आगूंनी त्या पेल्याला दोन्ही हात लावले आणि पुन्हा मांडीवर ठेवले. प्यायले नाहीत. निववून पिणार होते बहुतेक.

मग फिल्म लागली. तू दिसलीस. पोरी ओरडल्या. तू स्केट उचललेस आणि म्हणालीस, ‘हे माझे पहिले स्केट. आमच्या गावातल्या एका लोहारानं बनवून दिले होते.’

एका लोहारानं.

आवाज अगदी नीट होता, नोमो. कुठंही तुटला नाही.

मागून म्हातारा मेमे तोंदुप म्हणाला, ‘आपल्या गावात लोहार तरी किती आहेत?’ दुसरा कुणीतरी म्हणाला, ‘एकच. नाव घेताना पोरीची जीभ भाजली असती काय?’ आणि हसले. सगळे नाही, थोडे हसले. गोबा हसला नाही, त्यानं खाली बघितलं. ते जास्त वाईट होतं.

आगूंनी फिल्म शेवटपर्यंत बघितली. संपल्यावर गोबाला म्हणाले, ‘गुडघा धरतो माझा. दाराजवळ पाय पसरता येतात.’ आणि उठून खाली आले, आपल्या जागेवर बसले. गोंच्यातून स्वतःचा पेला काढला आणि माझ्यापुढे धरला. मी जवाची छांग ओतली. वरचा चहा तसाच राहिला, वर लोण्याची साय धरली. नंतर कुणी उचलला मला माहीत नाही.

दोन दिवसांनी नोरफेल आला, तुझी चिठ्ठी आणि स्केट घेऊन. स्केट मी लपवणार होते, पण नोरफेलनं ते थेट भट्टीवरच टाकले होते.

तू त्यांची मुलगी आहेस. मी त्यांच्या भावाची. मग मी कोण? गावातल्या एका लोहाराची पुतणी? माझं नाव कुठल्या फिल्ममध्ये यायचं नाही म्हणून बरं.

पुतित


यारमा
२० फेब्रुवारी

लझेस,

तुझं उत्तर नाही. नोरफेल दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा मी गाडीपर्यंत गेले आणि लोकांची पीठमिठाची पोती मोजून परत आले.

आगू तळ्यावर येत नाहीत. पोरींची पाती बोथट झालीयत, त्या घसरतात आणि एकमेकींवर खापर फोडतात. मी त्यांना भट्टीवर जा म्हटलं. त्या जातात, ते घासूनही देतात. पण तळ्यावर येत नाहीत.

तुझ्याबद्दल ते काही बोलत नाहीत. वाईट बोलत नाहीत, चांगलंही नाही. ‘आमची बी.ए.’ बंद झालंय.

माझी बहीण पनामिकला बाळंत व्हायची आहे, मी उद्या तिकडे जातेय. पुढचं लिहायचं असेल तर तिथं लिही. नसेल तर नीट खेळ. समोरच्यांना तुझी घसरगुंडी दिसू देऊ नकोस.

पुतित


मनिला
१२ मार्च

आचे,

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घड्या फाटल्या. उत्तर लिहायला बसायचे आणि प्रत्येक वेळी पहिलं वाक्य मला सोडवणारं निघायचं. म्हणून फाडून टाकायचे. आता सोडवायचा प्रयत्न करत नाही, झालं तसं लिहिते.

फिल्म करणाऱ्यानं विचारलं, ‘हे कुणी बनवले?’ माझ्या मागे सगळ्या मुली उभ्या होत्या. चोंडोलच्या हातात ती बाटली होती. ‘माझ्या आबांनी’ असं म्हणायचं होतं, शपथेवर सांगते. पण आबांनी म्हटलं की पुढे, ‘ते काय करतात?’ आणि मग मला दिसलं की ती बाटली माझ्यापर्यंत येऊन थांबलीय. माझी जीभ माझ्या आधी बाजूला सरकली. घर विचारणाऱ्यांना मी गावाचं नाव सांगायचे. तू अगदी बरोबर ओळखलंस.

मी कॉलेजात समतेवर भाषण करून बक्षीस घेतलं होतं. आबांनी ते भट्टीच्या वर टांगलंय. धुरानं काळं झालंय ते. अजून आहे का तिथं?

इथं मॉलमध्ये खाली लोक घामाघूम होऊन आइस्क्रीम खातात आणि वर आम्ही खेळतो. बर्फ मऊ आहे, आपल्या तळ्यासारखा वाजत नाही. पहिला सामना आम्ही फार वाईट हरलो. दुसऱ्यात थायलंडच्या दोघी आमच्या गोलवर चालून आल्या तेव्हा मी आडवी पडले. चकती माझ्या बरगडीवर बसली आणि आम्ही एका गोलनं जिंकलो. सगळ्या माझ्यावर येऊन पडल्या, रडल्या, ओरडल्या.

मग एक पत्रकार बाई आली. मी हीच वेळ मनात पन्नास वेळा घोटली होती. तिनं विचारलं, ‘तुला खेळात कुणी आणलं?’ कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि मी म्हणाले, ‘माझ्या गावानं.’

पुन्हा, आचे. तुझं पत्र माझ्या बॅगेत असताना.

खोलीवर येऊन मी चोंडोलला सगळं सांगून टाकलं. कोण आहे, कुठल्या घरची आहे. ती बुटाची नाडी सोडत होती, सोडतच राहिली. म्हणाली, ‘हे तू मला आज सांगतेस?’

‘तुला ठाऊक होतं?’

‘लझेस, अगं लडाख केवढंसं आहे! माझ्या आमानं तुझ्या गावाचं नाव ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी घर शोधून काढलं. सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही म्हटलं, हिला सांगायचं नाही तर आपण कशाला विचारा.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘पहिले काही दिवस तुझ्यानंतर मी बाटलीचं तोंड बाहीनं पुसायचे. नंतर सोडलं. कधी सोडलं ते लक्षात नाही. पण पुसायचे. तेव्हा तूच एकटी शरमू नकोस.’

म्हणजे ज्यांच्यापासून मी आबांना लपवलं, त्या मुली मी समजले त्याहून बऱ्या होत्या. आणि जिथं माझ्या शब्दाची खरी गरज होती, त्या समाजघरात ते एकटे बसले होते, दुसऱ्याच्या पेल्यापुढे.

गावी जातेय. काय करायचं ते मी ठरवलंय. मी वर बसणार नाही.

लझेस


यारमा
९ एप्रिल

आचे पुतित,

तुझ्या बहिणीला मुलगी झाल्याचं नोरफेलनं सांगितलं. तिला माझा जुले. तू इथं हवी होतीस. तू असतीस तर मला वेळीच चिमटा काढला असतास.

माझ्या सत्कारासाठी समाजघरात ओळ लागली. गोबानं माझी बाही धरली आणि लामांच्या शेजारची जागा दाखवली. आबा दाराशी होते, चपलांजवळ. मी बाही सोडवून घेतली, सगळ्या ओळीसमोरून चालत खाली गेले आणि आबांच्याही खाली, उंबऱ्याला लागून बसले. मला वाटलं होतं यानंच सगळं फिटेल. खरं सांगते, चालताना मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटत होतं.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ओठ न हलवता म्हणाले, ‘ऊठ.’

‘आबा, मी इथंच—’

‘ऊठ म्हणतो ना. पुन्हा सगळ्यांना माझ्याकडे बघायला लावलंस.’

मी खरंच मान वर केली. सगळा गाव त्यांच्याकडे बघत होता.

ते अगदी हळू बोलले. ‘इथं मी कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथं माझ्याजवळ बसून काय सांगतेस? जिथं ठाऊक नव्हतं तिथं सांगायचं होतंस.’

मी उठले. गोबानं दाखवली त्या जागेवर जाऊन बसले. त्यांनी घातलेले मानाचे पांढरे खाताग गळ्यात घेतले. पुढ्यात गोबाच्या घरचा पेला होता, बहुतेक तोच. मी तो प्यायले, कारण न पिणं म्हणजे पुन्हा सगळ्यांना बघायला लावणं झालं असतं. असा चहा मला आयुष्यात कधी गिळावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर गेले. बक्षीस अजून तिथंच आहे, काळं झालेलं. मी जुने स्केट मागितले. आबांनी कोपऱ्यातून लष्करी बूट काढून दिले, तळव्यांना नुसती भोकं होती. मी पात्यांचं विचारलं तर भिंतीवर टांगलेले दोन नवे विळे दाखवले. म्हणाले, ‘चांगलं लोखंड होतं. रिकामं कशाला ठेवायचं?’ रागानं नाही म्हणाले, आचे. बिजागरी घ्यायला आलेल्याशी बोलतात तसं म्हणाले. मी खाली बसून भाता ओढायला लागले. त्यांनी ओढू दिला.

आता एक गोष्ट, ती तुलाच सांगतेय. लेहच्या एका शाळेनं मला बोलावलंय. पुढच्या आठवड्यात मुलींसमोर खेळाबद्दल बोलायचं आहे. तिथं कुणाला काही ठाऊक नाही. मोठं सभागृह आहे, पालकही येणार आहेत, आणि प्रश्न विचारणार आहेत. मी भाता ओढता ओढता आबांना म्हटलं, ‘तुम्ही या. मला तिथं सांगायचं आहे.’

ते लोखंड उलटंपालटं करत राहिले. मला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाले, ‘तिथं ओळ लागते का?’

‘नाही आबा. खुर्च्या असतात. कुणी कुठंही बसतं.’

‘मग दाराजवळची धरून ठेव. तुझ्या तोंडून निघालं नाही तर मला बाहेर पडायला बरं.’

ते येतायत, आचे. गोंचा धुऊन वाळत टाकलाय. या वेळी ऊन आहे, तो गोठला नाही. आणि मला अजूनही भीती वाटते. तुला म्हणून लिहिते, त्या मुलींसमोर ‘माझ्या आबांनी’ हे दोन शब्द उच्चारायची मला अजूनही भीती वाटते, आणि सगळ्यात जास्त लाज मला त्याचीच वाटते.

या पत्राखाली मी आपल्या घराचं नाव लिहिणार होते. पण तुला ते ठाऊकच आहे.

लझेस